मुलांच्या मासिकात मूल कुठे असते?

चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरला कागदाची गिरणी आहे. तिची स्थापना १९४५ सालची. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांतला बांबू वर्षानुवर्षे ट्रक भरभरून या गिरणीकडे गेला. बांबूचा लगदा झाला, लगद्याचा कागद झाला आणि तो कागद देशभर पोचला. आता एक साधा प्रश्न विचारू. ज्या गावाच्या जंगलातून हा बांबू निघाला, त्या गावच्या शाळेत त्यातला किती कागद परत आला? पाठ्यपुस्तके येतात, हजेरीपट येतात, नाना तऱ्हेचे तक्ते येतात. पण मुलाने कोणी न सांगता आपणहून उचलावे आणि झाडाखाली बसून वाचावे, असे छापील काही येते का?

काही शाळांत येते. मुलांसाठी निघणारी मासिके अधूनमधून पोचतात. पण अंक आला की त्याची नोंद होते, त्यावर शिक्का बसतो आणि तो कपाटात जातो. मुलांनी फाडला तर हिशेब कोण देणार, ही भीती खोटी नसते. तरीही मनात येते की अंक बाहेर ठेवला असता, तर मुलांनी तो खरोखर हातात घेतला असता का? आणि घेतला असता, तर त्यात त्यांना आपले असे काही सापडले असते का?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मुलांसाठी मासिक काढण्याचा उद्योग मराठीत सुमारे दीडशे वर्षांचा आहे. त्या इतिहासाकडे आपण एकच भिंग लावून पाहू. मासिकात बोलते कोण आणि ऐकते कोण?

एकहाती ४०२ महिने

१८७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनने 'बालबोधमेवा' हे मुलांचे मासिक सुरू केले. त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता. पण मुलांसाठी वेगळे नियतकालिक असावे ही कल्पना त्यामुळे मराठीत रुजली. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांनी 'बालबोध' सुरू केला. ओक हे शिक्षणखात्यात नोकरी केलेले गृहस्थ. १९१४ साली त्यांचे निधन झाले, तोवर त्यांनी हे मासिक चालवले.

'बालबोधा'तले त्यांचे काम आकड्यांत पाहिले तर आपण थक्क होतो. ४०२ चरित्रे, ४०२ कविता, ४०२ निबंध, ३७५ शास्त्रीय निबंध, शिवाय साडेआठशेच्या घरात किरकोळ लेख. ४०२ ला १२ ने भागून पहा. साडेतेहतीस वर्षे येतात. म्हणजे दर महिन्याला एक चरित्र, एक कविता, एक निबंध आणि बहुतेक महिन्यांत एक शास्त्रीय निबंध, असा हा नेम होता. मराठीतून विज्ञान सांगण्याचा इतका दीर्घ आणि चिकाटीचा प्रयत्न एका माणसाने क्वचितच केला असेल. ज्या काळात मराठी शाळेतल्या मुलाच्या हाती क्रमिक पुस्तकाखेरीज फारसे काही पडत नव्हते, त्या काळात दर महिन्याला जगाची एक नवी खिडकी उघडली जात होती.

पण आपले भिंग लावून पाहू. या मासिकात बोलणारा जवळजवळ एकच होता. तो प्रेमाने बोलत होता, अभ्यास करून बोलत होता, पण बोलत तोच होता. मूल ऐकत होते. यात ओकांचा दोष नाही. लिहिता येणारी मुलेच मोजकी होती. टपालाने मजकूर पाठवतील अशी तर त्याहून कमी. शिवाय 'मोठ्यांनी सांगावे आणि लहानांनी ऐकावे' यापेक्षा वेगळा शिक्षणाचा विचार तेव्हा आपल्या शाळांत पोचलेला नव्हता. मासिके ही नेहमी आपल्या काळातल्या शाळेसारखी असतात.

आनंद, नागपूर आणि किशोर

१९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी 'आनंद' सुरू केले. नावातच फरक दिसतो. बोध मागे सरकला आणि आनंद पुढे आला. मुलांनी वाचावे ते त्यांना आवडते म्हणून, ही भूमिका आता उघडपणे मांडली गेली. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात नागपूरहून 'मुलांचे मासिक' निघू लागले. विदर्भातल्या मुलांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे होते. मुंबई-पुण्यापासून दूर, आपल्या प्रांताच्या राजधानीत छापलेले मासिक आता त्यांना मिळू लागले. आताचे चंद्रपूर म्हणजे तेव्हाचे चांदा, हे त्याच मध्य प्रांतात होते.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे 'किशोर'. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीने, म्हणजे राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने, नोव्हेंबर १९७१ मध्ये हे मासिक सुरू केले. सरकारी संस्था मुलांसाठी पाठ्यपुस्तकाबाहेरचे, रंगीत, परवडेल अशा किमतीचे मासिक काढते ही गोष्ट साधी नव्हती. नामवंत लेखकांनी आणि चित्रकारांनी त्यात काम केले. आडगावच्या शाळेत चांगले चित्र, चांगली कथा, चांगला विज्ञानलेख पोचवण्याचे काम 'किशोर'ने अर्धशतकाहून अधिक काळ केले आहे. जुने अंक आता बालभारतीने इंटरनेटवरही खुले केले आहेत. ज्या शिक्षकांनी ते अजून पाहिले नसतील त्यांनी जरूर पहावेत.

म्हणजे 'बालबोध' ते 'किशोर' या नव्वद वर्षांत मजकूर सुधारला, चित्रे आली, भाषा सोपी झाली, किंमत आवाक्यात आली. मुलाला काय द्यावे याचा विचार सतत पुढे गेला. 'मुलाकडून काय घ्यावे' हा प्रश्न मात्र मासिकाच्या मध्यभागी यायचा होता. तो आला आपल्या शेजारच्या राज्यात आणि हिंदीत.

होशंगाबादहून निघालेली वाट

होशंगाबाद (आता नर्मदापुरम) आणि चांदा हे दोन जिल्हे १८६१ पासून १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते. तब्बल ९५ वर्षे दोघांचा कारभार नागपूरहून चालला. राज्य पुनर्रचनेनंतर एक मध्य प्रदेशात राहिला आणि दुसरा आधी मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. तेव्हापासून तिकडे काय चालले आहे याची खबर इकडच्या शाळांना फारशी लागेनाशी झाली.

तिकडे १९७२ साली 'किशोर भारती' आणि रसूलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत एक प्रयोग सुरू केला. सहावी ते आठवीचे विज्ञान मुलांनी पाठ न करता करून पहायचे. वर्गात चार-चार मुलांचे गट, प्रत्येक गटापुढे स्वस्त साहित्य, आणि हातात 'बाल वैज्ञानिक' नावाचे कार्यपुस्तक. त्या पुस्तकात उत्तरे नव्हती. प्रयोग होता, प्रश्न होता आणि मुलाने स्वतः भरायचा तक्ता होता. परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत नेण्यास मुभा होती. कारण तपासायची होती ती विचार करण्याची रीत, पाठांतर नव्हे. १९७८ साली हा कार्यक्रम सबंध जिल्ह्यात गेला. विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांतले शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसून प्रयोग तपासू लागले. पुण्यात मोटारीच्या कारखान्यात नोकरी करणारे अभियंता अरविंद गुप्ता याच सुमारास तिथे काही महिने राहिले. आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब यांतून भूमितीच्या आकृत्या करण्याची त्यांची युक्ती त्याच काळातली. आज ती मराठी शाळांतही ओळखीची आहे.

या कार्यक्रमात एक गोष्ट घडली, ती मासिकाच्या दृष्टीने महत्त्वाची. मुले प्रयोग करू लागली तशी प्रश्नही विचारू लागली. अभ्यासक्रमातले आणि त्याबाहेरचेही. शिक्षकांना सगळी उत्तरे येणे शक्य नव्हते. तेव्हा 'सवालीराम' नावाचे एक पात्र तयार झाले. मुलांनी सवालीरामला पत्र लिहायचे आणि सवालीरामने उत्तर द्यायचे. सवालीराम ही एक व्यक्ती नव्हती. त्या नावामागे एक गट काम करत असे. शिक्षकाला 'मला माहीत नाही, आपण सवालीरामला विचारू' असे म्हणण्याची सोय झाली. ही सोय लहान वाटते, पण वर्गाचे वातावरण बदलायला ती पुरेशी आहे. ज्या वर्गात शिक्षक 'मला माहीत नाही' म्हणू शकतो, त्या वर्गात मुलालाही न जाणण्याची लाज वाटत नाही.

१९८२ साली या कामातून 'एकलव्य' ही संस्था उभी राहिली आणि जुलै १९८५ मध्ये तिने भोपाळहून 'चकमक' हे हिंदी मासिक सुरू केले. काळ लक्षात घ्या. डिसेंबर १९८४ मध्ये त्याच शहरात वायुदुर्घटना झाली होती. विज्ञानाने मिळालेल्या सुखसोयींची यादी देणारा भाबडा विज्ञानलेख त्या शहरातल्या मुलांपुढे ठेवणे अवघडच होते. विज्ञान म्हणजे प्रश्न विचारण्याचा हक्क, हीच गोष्ट तिथे सांगण्यासारखी होती.

'चकमक'मध्ये कथा होत्या, कविता होत्या, प्रयोग होते. 'माथापच्ची' हे कोड्यांचे सदर होते. पण त्याचा प्राण होता 'मेरा पन्ना' या सदरात. तिथे मुलांनी लिहिलेले आणि काढलेले छापले जाई. निबंधाच्या वहीतले 'आदर्श' लेखन नव्हे. घरची बकरी हरवली, आजीशी भांडण झाले, नदीला पूर आला, असे रोजच्या जगण्यातले. हिंदी पट्ट्यातल्या खेड्यांतली मुले आपल्या बोलीच्या वळणाने लिहीत आणि तसेच ते येई. पुढच्या काळात 'क्यों-क्यों' हे सदर आले. त्यात संपादक एक 'का'चा प्रश्न विचारतात आणि मुलांनी पाठवलेली निरनिराळी उत्तरे छापतात. एक बरोबर उत्तर देऊन विषय मिटवत नाहीत. म्हणजे ओकांच्या मासिकातले नाते इथे उलटे झाले होते. आता मूल बोलत होते आणि मोठी माणसे ऐकत होती.

होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम २००२ साली राज्य सरकारने बंद केला. ३० वर्षांचे काम एका आदेशाने थांबले. 'चकमक' मात्र चालू राहिले आणि त्याने चाळिशी ओलांडली. एखादी पद्धत शाळेच्या चौकटीतून काढून टाकता येते, पण ती मासिकाच्या रूपाने मुलांच्या घरात पोचली असेल तर टिकते, असा याचा एक अर्थ निघतो.

चकमक पेटते कशी?

या नावाकडे जरा पाहू, कारण हा शब्द मराठीतही आहे. आपल्या भागात अजून एखाद्या म्हाताऱ्या माणसाने चकमकीने विस्तव केलेला पाहिला असेल. एका हातात गारगोटीसारखा कठीण दगड आणि त्याला चिकटून सावरीचा कापूस. दुसऱ्या हातात पोलादाचा लहान तुकडा. झटका दिला की ठिणगी उडते आणि कापूस धुमसू लागतो.

वर्गात विचारून पहा : ठिणगी कशाची? बहुतेक मुले, आणि बरीच मोठी माणसेही, 'दगडाची' असे सांगतील. ते बरोबर नाही. दगड पोलादापेक्षा कठीण असतो, म्हणून त्याची धार पोलादाचा बारीक कीस काढते. घर्षणाने तो कीस तापतो, त्याचा नुकताच उघडा पडलेला पृष्ठभाग हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि तो पेटून लाल होतो. पेटते ते लोखंड. दगड फक्त खरवडतो. दोन गारगोट्या अंधाऱ्या खोलीत एकमेकींवर घासून पहा. फिकट उजेड दिसेल, पण त्याने कापूस पेटणार नाही.

मासिकाचे काम या दगडासारखे आहे. त्याच्यात आग नसते. आग मुलात असते. दगड किती चकचकीत आहे याला महत्त्व नाही. तो मुलाला नेमका कुठे घासतो याला महत्त्व आहे.

गडचिरोलीच्या मुलाला काय घासेल?

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाचा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ३९ टक्के. नकाशा घेऊन बसा आणि भाषा मोजा. पश्चिमेकडे झाडीबोली, धानोरा-एटापल्लीकडे गोंडी, भामरागडकडे माडिया, सिरोंच्याला तेलुगू, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, आणि चामोर्शी-मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली. शाळेतले पुस्तक मात्र प्रमाण मराठीत.

गोंडी आणि माडिया या द्राविड कुळातल्या भाषा आहेत. म्हणजे माडिया मुलाला मराठी ही आपल्या भाषेची जरा वेगळी बोली वाटत नाही. ती दुसऱ्याच घराण्यातली भाषा असते. पहिलीत आलेले हे मूल महिनोन्‌महिने गप्प बसते. आपण त्याला 'अबोल', 'लाजाळू', कधीकधी 'मठ्ठ' म्हणतो. तेच मूल सुटीत रानात गेले की पक्ष्यांची, कंदांची, मासे पकडण्याच्या जाळ्यांची नावे घडाघडा सांगते. ते अबोल नसते. आपल्याला त्याचे ऐकू येत नसते.

हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि १९७६ साली तिथे शाळा निघाली. तिथल्या कार्यकर्त्यांना आधी स्वतः माडिया शिकावी लागली, आणि तीही शब्दकोश हाताशी नसताना, वस्तूकडे बोट दाखवून नाव विचारत. पुस्तकातल्या ज्या गोष्टी मुलांनी कधी पाहिल्या नव्हत्या त्यांच्याऐवजी मुलांच्या परिसरातले शब्द आणि वस्तू घेऊन शिकवावे लागले. धानोरा तालुक्यात मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ पासून गोंडीतून शिकवणारी शाळा चालवली. या दोन गोष्टींत चार दशकांहून अधिक अंतर आहे, पण दोन्हींच्या मुळाशी एकच अनुभव आहे. मुलाची भाषा दारात काढून ठेवायला लावली, तर तिच्याबरोबर त्याचे प्रश्नही दारातच राहतात.

मग उपाय काय? 'चकमक'चे अंक मागवायचे? जरूर मागवावेत. सातवी-आठवीच्या, हिंदी शिकणाऱ्या मुलांना ते आवडतील. पण हिंदी ही इथल्या बहुतेक मुलांची घरची भाषा नाही. त्याचे मराठी भाषांतर केले तरी प्रश्न अर्धाच सुटेल. 'चकमक'कडून घेण्यासारखी गोष्ट मजकूर नाही. मुलाच्या अनुभवाला छापण्याजोगे मानण्याची त्याची रीत आपल्याला घेता येईल.

आणि अनुभवांना इथे तोटा आहे का? वरोरा तालुक्यातले पिसदुरा हे गाव घ्या. तिथल्या शेतांत डायनासोरांच्या विष्ठेचे अश्म सापडतात. वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी या शास्त्रज्ञांनी त्यांतले सूक्ष्म सिलिकाकण तपासले आणि २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की त्यांत गवताचे अवशेष आहेत. त्याआधी समजूत अशी होती की डायनासोर नाहीसे झाल्यानंतरच पृथ्वीवर गवत पसरले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावच्या दगडांनी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट दुरुस्त केली. त्या शिवारात आज गुरे चारणाऱ्या मुलाला हे कोणी सांगितले आहे का? चंद्रपूर शहराजवळच्या पापामियाँ टेकडीवर अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली आहेत. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे जीवाश्मांचे उद्यान आहे. मुंबईच्या मुलाला हे सगळे पुस्तकात वाचावे लागते. आपल्या मुलाच्या ते पायाखाली आहे.

मोठ्यांनी केलेला अभ्यास

धानोरा तालुक्यातल्याच मेंढा (लेखा) या गावाचे उदाहरण शिक्षकांनी मुद्दाम पहावे. तिथे गावकऱ्यांनी ग्रामसभेबरोबर अभ्यासगट चालवले. जंगल, कायदा, मध असे विषय घेऊन, बाहेरच्या जाणकारांना बोलावून, प्रश्न विचारून, चर्चा करून निर्णय सर्वसहमतीने घ्यायचे. त्यासाठी पदवी लागत नव्हती. या अभ्यासाच्या बळावर वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा आपल्या बांबूचा व्यवहार स्वतः करू लागली.

लेखाच्या सुरुवातीला आपण विचारले होते की बांबू गेला, कागद किती परत आला. मेंढ्याचे उत्तर असे आहे की वाचून, विचारून, अभ्यास करून माणसे बांबूवरचा हक्कच परत मिळवू शकतात. कुतूहल ही सुटीत करायची मौज नाही. जंगलात राहणाऱ्या माणसासाठी ते जगण्याचे साधन आहे. जे मूल आज 'मोहाची फुले पहाटेच का गळतात' असे विचारते, तेच उद्या 'या कागदावर माझी सही कशासाठी हवी' असे विचारू शकेल. पहिला प्रश्न दाबला तर दुसरा उगवत नाही.

आपल्या शाळेचे मासिक

हे सारे वाचून 'आपल्याकडे छापखाना कुठे आहे' असे वाटू शकेल. त्याची गरज नाही. वर्गाच्या भिंतीवर चार मोठे कागद चिकटवले की मासिकाची सोय झाली. पुढील गोष्टी मात्र सांभाळाव्यात.

पहिली गोष्ट, दर महिन्याला एकच प्रश्न घ्यावा आणि तो परिसरातला असावा. मोहाच्या झाडाखाली संध्याकाळी स्वच्छ चादर अंथरून ठेवली आणि ठराविक वेळाने पडलेली फुले मोजली, तर सर्वात जास्त केव्हा पडतात? सागाचे कोवळे पान हातावर चोळले तर हात लाल होतो, मग पळसाच्या पानाने का होत नाही? बांबूचे बेट आयुष्यात एकदाच फुलोऱ्यावर येते आणि नंतर वाळते. गावातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाने असा फुलोरा किती वेळा आणि कोणत्या साली पाहिला? शेवटचा प्रश्न विज्ञानाचा आहे की इतिहासाचा हे मुलांनाच ठरवू द्यावे.

दुसरी गोष्ट, मुलाने आपल्या भाषेत लिहावे. गोंडी, माडिया देवनागरीत लिहिता येते. शेजारच्या रकान्यात मुलांच्याच मदतीने मराठी लिहावे. लिहिता न येणाऱ्या मुलाने चित्र काढावे आणि सांगावे; मोठ्या मुलाने ते उतरून घ्यावे. वर्षअखेर आपल्या हाती शंभर-दीडशे शब्दांचा एक छोटा कोश तयार झालेला असेल. नवीन येणाऱ्या शिक्षकाला तो फार उपयोगी पडेल.

तिसरी गोष्ट, उत्तर लगेच देऊ नये. चार मुलांची चार उत्तरे शेजारी-शेजारी लावावीत आणि 'यातले कोणते बरोबर हे कसे ठरवायचे?' असे विचारावे. आपल्याला उत्तर येत नसेल तर तसे स्वच्छ लिहून खाली सही करावी. मुलांच्या दृष्टीने भिंतीवरची ही सर्वात मोलाची सही ठरेल.

चौथी गोष्ट, शुद्धलेखनाच्या चुका भिंतीवर लाल शाईने दुरुस्त करू नयेत. त्यासाठी वही आहे. ज्या मुलाचे पहिलेच वाक्य सगळ्यांदेखत लाल झाले, ते दुसरे वाक्य लिहीत नाही.

आणि पाचवी गोष्ट कपाटाची. त्यातले मासिकांचे जुने अंक बाहेर काढून दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे टांगून ठेवावेत. ते फाटतील, पाने सैल होतील, त्यावर हाताचे डाग पडतील. तपासणीला साहेब आले आणि त्यांनी विचारले, तर हे अंक वापरून फाटले आहेत असे सांगावे. न वापरता कोरा राहिलेला अंक दाखवणे जास्त अवघड वाटले पाहिजे.

ओकांनी ४०२ महिने मुलांसाठी लिहिले. 'चकमक'ने मुलांना लिहायला लावले. या दोन गोष्टींमधून आपल्याला एकीची निवड करायची नाही. मुलाला चांगले वाचायला मिळाले तर ते लिहिते आणि त्याचे लिहिलेले कोणी वाचले तर ते आणखी वाचते. जंगलातल्या शाळेत या चक्राची सुरुवात कुठूनही करता येईल. भिंत, चार कागद आणि एक प्रश्न एवढे साहित्य तर प्रत्येक शाळेत आहे.